सुई सासूबाईंच्या हातात दे

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीत शिवाजी पेठेतल्या सासरच्या घरी शंकरपाळी खाल्ल्यावर त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या आणि छाती घरघरायला लागली. जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं म्हणून निभावलं. नंतर तपासण्यांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी निघाली. त्या कढईत आधी चिवड्याचे शेंगदाणे तळले होते. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या पोरांनी शेंगा खाऊनच अंग धरलं, एवढ्याशा कुटानं काय होतंय?’ स्वतःचं इन्सुलिन दिवसातून दोनदा न चुकता टोचून घेतात, नातवाच्या दुखण्याला मात्र फॅड म्हणतात. मिस्टर म्हणतात, आईचं वय झालंय, सोडून दे. डॉक्टरांनी आणीबाणीसाठी दिलेलं इंजेक्शन आमच्या रुईकर कॉलनीतल्या फ्लॅटवर फ्रिजमध्ये जपून ठेवलंय, मी द्यायला शिकले आहे. यंदा पाच दिवस वीस-बावीस माणसं जमणार. मी जाणारच नाही म्हणते. चुकतंय का माझं?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : हो, चुकतंय. पण तुला वाटतं तिथं नाही.

तुझं पत्र सासूबाईंच्या तक्रारींनी भरलंय आणि त्यातच एक वाक्य तू सहज टाकून पुढं निघून गेलीस. त्या इन्सुलिन स्वतः टोचून घेतात. तू ते त्यांना टोमणा म्हणून लिहिलंस, मी मात्र तिथंच अडकले. अगं, बावीस माणसांच्या त्या घरात एक बाई अशी आहे की जिला सुईची भीती नाही, जिला औषधाची मात्रा मोजता येते आणि वेळ चुकली की काय होतं ते ठाऊक आहे. आणि ती दिवसभर स्वयंपाकघरात, म्हणजे धोका जिथं आहे नेमकी तिथंच असते. पोराला काही झालं तर तू कदाचित अंगणात रांगोळी काढत असशील, त्या मात्र दोन हातांवर असतील. नातवासाठीही एक सुई आहे, हे त्यांना कुणी सांगितलंय का? तुझ्या पत्रात तरी तसं दिसत नाही. ‘कूट घालू नका, हे करू नका, ते देऊ नका’ एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलंय. नुसतं नको-नको ऐकलं की त्या वयाच्या बाईला आपल्या हाताखालच्या स्वयंपाकावर कुणीतरी बोट ठेवतंय असंच वाटतं.

सासूबाईंचं बरोबर आहे असं मी म्हणत नाही. एवढ्याशा कुटानंही अशा मुलाचा जीव जाऊ शकतो, त्यात वादाला जागा नाही. पण वाद घालून तू वर्ष घालवलंस आणि इंजेक्शन फ्रिजमध्ये राहिलं, याचा मला खरा राग येतोय. एक तर ते इंजेक्शन म्हणजे अ‍ॅड्रेनलिन, आणि ते फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, हे साध्या खोलीत, उन्हापासून आणि उजेडापासून लांब. त्याचा रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला की ते टाकून द्यायचं. दुसरं म्हणजे, मूल शिवाजी पेठेत आणि इंजेक्शन रुईकर कॉलनीत? दिवाळीच्या संध्याकाळी महाद्वार रोडची गर्दी तू पाहिली आहेस ना? ते इंजेक्शन मूल जिथं असेल तिथं हवं. गाडीच्या डिकीत नको, वरच्या माडीवरच्या कपाटात नको. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात, पोरांचा हात पोचणार नाही आणि मोठ्यांना शोधावं लागणार नाही अशा फळीवर.

परदेशात मिळतं तसं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टर अँप्यूल, म्हणजे औषधाची बंद कुपी, आणि सिरिंज देतात. घाबरलेल्या हातानं काचेची अँप्यूल फोडणं, त्यातून नेमकं तेवढंच ओढून घेणं अवघड जातं. इथं सासूबाईंचा सराव कामाला येणार आहे. पण त्यांना फरकही समजायला हवेत. इन्सुलिन पोटाच्या कातडीखाली देतात, हे मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्यायचं. इन्सुलिनची सिरिंज याला चालत नाही, तिच्यावरच्या खुणा वेगळ्या हिशेबाच्या असतात आणि सुई आखूड असते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. वर्षभरात तो वाढलाय, तेव्हा ती नव्यानं विचारून घे आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिही.

कधी द्यायचं, यात घरोघरी घोळ होतो. नुसतं ओठाभोवती लाल झालं तर लक्ष ठेवायचं. पण गेल्या वर्षीसारखं गांधींबरोबर उलटी, किंवा श्वासाला त्रास, आवाज घोगरा होणं, मूल एकदम गळून जाणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. आधी सेट्रिझिनचं सिरप देऊन बघू, हा विचार तिथं घातक आहे. त्यानं खाज कमी होईल, श्वास सुटणार नाही. सुई दिली की मुलाला आडवं झोपवून पाय उंच करायचे, धाप लागली असेल तर टेकवून बसवायचं, उभं करून चालवायचं नाही. मग रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन किंवा सरळ सीपीआर रुग्णालय. बरं वाटलं तरी जायचंच, कारण काही तासांनी ते पुन्हा उलटू शकतं.

आता फराळाचं. आपल्याकडे वांग्यात कूट, मेथीत कूट, आमटी दाट व्हायला कूट, चिवड्यात आणि भडंगात अख्खे दाणे, शिवाय हल्ली घाण्याचं शेंगतेल पुन्हा घरोघरी आलंय. रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं, आणि त्रास प्रथिनानंच होतो. तळून-भाजून तो जात नाही. म्हणून त्याची शंकरपाळी, चकली आधी, दाणे शिवले नाहीत अशा ताज्या तेलात, वेगळ्या झाऱ्यानं. डबाही वेगळा. बाकी कशाला त्याचा हात लागू द्यायचा नाही, आणि चिवडा खाऊन झाला की चुलत भावंडांनी हात साबणानं धुवायचे. हे सगळं करूनही एखादी आत्या प्रेमानं त्याच्या तोंडात लाडू कोंबेल. ती भीती तुझी खरी आहे. म्हणून तर घरात सुई देणारा दुसरा हात हवा.

न जाऊन काय होईल? यंदाची दिवाळी सुखरूप जाईल. पुढं शाळेची सहल, मित्राचा वाढदिवस, पेठेतला गणपतीचा प्रसाद. तू किती ठिकाणी जाणार नाहीस?

वसुबारसेच्या आधी डॉक्टरांची वेळ घे आणि सासूबाईंना बरोबर ने. ‘अ‍ॅलर्जी पटवून द्यायला नेते’ असं म्हणू नकोस. ‘आई, माझा हात थरथरतो, तुमचा थरथरत नाही, तुम्ही शिकून घ्या’ असं म्हण. गेल्या वर्षी काय झालं होतं ते डॉक्टरांनाच त्यांना सांगू दे, तू मध्ये बोलू नकोस. तिथंच दोघींनी रिकाम्या सिरिंजवर सराव करून घ्या. आणि ‘सोडून दे’ म्हणणाऱ्या मिस्टरांनाही त्याच वेळेला घेऊन जा. त्यांनाही टोचता आलंच पाहिजे.