आधी सगळ्यात खालची वस्तू शोध

चि.,
अनेक आशीर्वाद.

वडोदऱ्यात पूर आला तर कुठल्या जागा चालू राहतील, त्याचा तुझा तक्ता पाहिला. दवाखाने, टाक्या, पंपिंग स्टेशन, टॉवर, निवाऱ्याच्या शाळा, सगळं आलंय आणि प्रत्येकापुढे दहापैकी गुण. कोणाला किती द्यायचे यावर अडलीस, म्हणून लिहितोय. गुण सोड. प्रत्येक जागेत जिच्यावाचून काम अडेल अशी सगळ्यात खालची वस्तू शोध. तिची उंची तीच त्या जागेची उंची. तीन मजली हॉस्पिटलचं विजेचं मुख्य पॅनेल तळघरात असेल, तर पुरापुढे ते हॉस्पिटल तळघराएवढंच आहे. बाकी नऊ गोष्टी उत्तम म्हणून त्याला सात गुण देशील आणि पहिल्याच तासात तोंडघशी पडशील.

मोजायला सर्व्हेअर लागत नाही. गवंड्याची लेव्हल ट्यूब आण, दहा-बारा मीटर पारदर्शक नळी, पाण्यात चिमूटभर नीळ. आधी दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धर. पाणी एका रेषेत येत नसेल तर मध्ये हवेचा बुडबुडा अडकलाय. तो निघाल्याशिवाय मोजू नकोस. मग २०२४च्या ऑगस्टमधल्या पुराची गाळाची रेघ शोध. भिंत रंगवली असेल तर शेजारच्या दुकानदाराला विचार, तो शटरवर बोट ठेवून दाखवेल. त्या रेघेपासून पॅनेलचा तळ किती सेंटिमीटर वर किंवा खाली, एवढा एकच आकडा लिही. विश्वामित्री नदीवरच्या काळ्या घोड्याच्या पुलावर पाणी ३५ फुटांवर गेलं होतं म्हणून समा किंवा अकोटा अशा शहराच्या दुसऱ्या भागांची गणितं त्यावरून मांडू नकोस. ते फूट त्या पुलावरच्या मोजपट्टीचे, आणि वाहत्या पाण्याला उतार असतो. पाऊस थांबला म्हणून कोणी निर्धास्त असेल तर त्याचंही ऐकू नकोस. वरच्या आजवा तलावाकडून, पावागडाच्या अंगाने येणारं पाणी आपल्याकडे ऊन पडल्यावरही चढतं.

‘जनरेटर आहे’ हे उत्तर तर लिहूनच घेऊ नकोस. जनरेटर ओट्यावर असतो, फोटोत छान दिसतो. त्याची बॅटरी कुठे आहे? पुष्कळदा खाली, विटांवर ठेवलेली. लाइट गेल्यावर भार जनरेटरवर टाकणारं चेंजओव्हर पॅनेल कुठे? डिझेल वर चढवणारा पंप कुठल्या लाइनवर चालतो? खालची वस्तू शोध म्हणतो ती अशी. मग डिझेल. १२५ केव्हीए क्षमतेचा जनरेटर पाऊण भारावर तासाला साधारण २० लिटर पितो. २०० लिटरची टाकी म्हणजे १० तास. तीन दिवस काढायचे तर दीड हजार लिटर हवं. साठ्याला परवाना लागतो ही सबब ठरलेली. पेट्रोलियम कायद्याप्रमाणे एका जागी २५०० लिटरपर्यंत डिझेलला, एकही पिंप १००० लिटरहून मोठं नसेल तर, तो लागत नाही. आगीच्या दृष्टीने जागा नीट निवडायची, एवढं. आणि आठवड्यातून पाच मिनिटं रिकामं इंजिन फिरवलं की इंजिन फिरतं एवढंच कळतं. मेन स्विच पाडायला लाव, खऱ्या भारावर अर्धा तास तरी चालव. बॅटरी, चेंजओव्हर, तुंबलेला फिल्टर, सगळं तेव्हाच बाहेर पडतं. ते नाही म्हणतील, ऑपरेशनं चालू आहेत म्हणतील. मग रविवारची वेळ माग, पण सोडू नकोस.

पाणी चढलं की वीज कंपनी अपघात नको म्हणून फीडर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणारी लाइन, बंद करते आणि ते बरोबरच आहे. म्हणजे तुझी जागा कोरडी ठणठणीत असली तरी तिची सगळ्यात खालची वस्तू कदाचित आवाराबाहेर, कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरशी आहे. प्रत्येक जागेचा फीडर विचारून घे. दोन दवाखाने एकाच फीडरवर निघाले, तर एकाचे पेशंट दुसऱ्यात हलवायची योजना कागदावरच राहणार.

पाण्याच्या बाबतीत जमिनीखालच्या टाकीचं झाकण बघ, टाकी किती लिटरची ते मागाहून. झाकणाची कड रेघेखाली असेल तर त्या पाण्यात गटार मिसळलं असं धरून चालायचं. उपसून, घासून, हजार लिटरला २०० ग्रॅम २५ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर, रात्रभर ठेवून ओतून द्यायचं आणि मग ताजं भरायचं. त्या काळात लोक काय पिणार, हा रकाना तुझ्याकडे नाही. नदी चढली की कांसेचं, म्हणजे नदीला मिळणाऱ्या नाल्याचं, तोंड बुडतं आणि मैला तळमजल्याच्या संडासातून वर येतो. शाळेला निवारा म्हणण्याआधी तेही बघ. ऑक्सिजनचा हिशेब सोपा आहे: सात घनमीटरचा सिलिंडर, मिनिटाला १० लिटर, एका पेशंटला साडेअकरा तास.

मला लोक हेकट म्हणतात. ‘पॅनेल वर उचला’ हे वाक्य इतक्या अहवालांत गेलंय की टंकणाऱ्याला पाठ असेल. उचललेली पॅनेलं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. खर्च फार, असं उत्तर येतं. लोखंडी चौकट आणि केबलची वाढीव लांबी, याला फार म्हणतात? मी बोलायचं थांबवलं असतं तर तेवढीही उचलली गेली नसती, एवढं मात्र मी ठामपणे म्हणतो. तेव्हा बैठकीत तोच आकडा पुन्हापुन्हा वाच. कंटाळू देत.

आणखी एक. जनरेटरच्या खोलीची, पंपाची आणि गच्चीची किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे असते, तो माणूस राहतो कुठे, आणि मधला रस्ता त्या वेळी पाण्याखाली असतो का, हे प्रत्येक जागी विचार. ‘वॉचमनकडे’ असं म्हणाले तर त्याला तिथेच बोलावून कुलूप उघडायला लाव.