२१४७४८३६४७ मूळ संख्या (प्राइम) आहे का ते तपासताना

अरे, २, ३, ५, ७ करत सगळ्यांनी भागत बसू नकोस. हा आकडा म्हणजे २चा ३१वा घात वजा १, मर्सेन प्राइम (२चा घात वजा १ अशा रूपाची मूळ संख्या), आणि गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हातानेच सिद्ध केलाय, तेव्हा कुठला कॉम्प्युटर! आधी छोटं बघ, २चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७. घात मूळ आहे म्हणजे हाही मूळच असणार असं मला पण वाटायचं, पण तो निघतो २३ गुणिले ८९. आता दोन्हीतून १ काढ, २२ आणि ८८, दोन्ही २२च्या पटीत! घात मूळ असला की अशा आकड्याचा भाजक घाताच्या दुपटीच्या पटीत अधिक १ असाच असतो, म्हणजे तुझ्याकडे ६२च्या पटीत अधिक १, आणि तपासायचं फक्त वर्गमूळापर्यंत, ते ४६३४०च्या आसपास, म्हणजे साडेसातशेच्या आत उमेदवार. त्यातही ८ने भागून बाकी १ किंवा ७ नसेल तर बाद, निम्मे तिथेच गेले.

आणि हो, सी भाषेत प्रोग्राम लिहिणार असशील तर साध्या ३२-बिट इंटमध्ये (पूर्णांक ठेवायचा प्रकार) मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच आहे, त्यामुळे लूप कुठे थांबवायचा ते बघायला आय (भाजक मोजणारा आकडा) गुणिले आय केलं की आय ४६३४१ झाल्यावर ओव्हरफ्लो होतं, म्हणजे उत्तर इंटमध्ये मावत नाही, माझा लूप रात्रभर फिरत होता. इंटऐवजी लाँग लाँग (मोठा पूर्णांक प्रकार) घे.