प्रीमियर पद्मिनी गाडीचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग) बदलला, स्टार्टर फिरतो पण गाडी सुरू होत नाही, कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात. काय चुकलं?

बहुतेक तो अर्धा फेरा उलटा बसलाय. एक नंबरच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढा, भोकावर बोट धरा, इग्निशन बंद ठेवून टॉप गिअरमध्ये गाडी हळू पुढे ढकला. हवेनं बोट उडालं की पुलीची खूण इंजिनवरच्या खुणेशी जुळवा. आता रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा तुकडा) एक नंबरच्या वायरकडेच हवा. बरोबर उलट बाजूच्या टोकाकडे असेल तर डिस्ट्रिब्युटर उपसून रोटर अर्धा फेरा फिरवून बसवा. वायरींचा क्रम 1-3-4-2. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट साधारण 0.4 मि.मी.

आणि हो, गोव्यात पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या (झाकणाच्या) आतच ओल धरते. माझा तर जुना डिस्ट्रिब्युटर ठणठणीत होता, नुसती कॅप पुसायची होती! तुमचा जुना फेकू नका.