मस्टरवर पंधरा, कामाला चोवीस

प्रश्न: उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे. मस्टरवर १५ कामगार आणि ठेकेदारामार्फत आलेली ९ मुलं. हिशेब कोल्हापूरचे कन्सल्टंट बघतात. '२०च्या आत आहोत, पीएफ नको,' असं ते म्हणतात. नवे कामगार कायदे आलेत त्याबद्दल विचारलं, तर 'नियम येऊ देत, मग बघू' म्हणाले. त्यातच कामगार खात्याची कन्नड नोटीस आलीय : हजेरीपट, पगारपत्रकं घेऊन हजर राहा. अकरा वर्षं काम केलेल्या ऑपरेटरनेही राजीनामा दिलाय. आधी काय बघू?
- एक उद्योजक, बेळगाव

उत्तर: आधी नोटीस, कारण तिला तारीख आहे. कन्नड नीट येणाऱ्या माणसाकडून ती आजच शब्दन् शब्द वाचून घ्या. मागितलेले कागद घेऊन त्या दिवशी जा आणि जे द्याल त्याची पोच घ्या. मुदत हवी असेल तर तारखेआधी लेखी मागा. 'कन्नड होती, कळली नाही' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण सुनावणीत त्याचा काडीचा उपयोग होत नाही. मराठीत कागद मिळावेत ही मागणी रास्तच आहे, पण ती मांडायची जागा ही नव्हे.

आता २०चा आकडा. तुमची खरी अडचण इथे आहे. पीएफसाठी ठेकेदारामार्फत घेतलेला माणूसही कर्मचारीच धरतात. ती नऊ मुलं तुमच्या लेथवर, तुमच्या सुपरवायझरच्या हाताखाली राबत असतील तर तुम्ही २४ आहात. ठेकेदाराचा स्वतःचा पीएफ कोड (नोंदणी क्रमांक) आहे का आणि या मुलांच्या नावाने तो भरणा करतो का, ते विचारा. तोंडी होकारावर जाऊ नका, चलनं आणि त्यासोबतची नावांची यादी मागा. भरणा नसेल तर पीएफ कार्यालयाचे लोक तुमच्या दारात येतील. मागची थकबाकी, तिच्यावर १२ टक्के व्याज आणि वर दंडाची रक्कम. कामगाराचा मागचा वाटाही आता त्याच्या पगारातून कापता येत नाही, तो तुमच्याच खिशातून जातो. म्हणून नोटिशीला उत्तर देण्याआधी हा हिशेब मांडून ठेवा. 'आमच्याकडे पंधराच' असं एकदा लेखी दिलंत की ते मागे घेणं अवघड. ईएसआयची (कामगार विम्याची) मर्यादा तर १० कामगारांचीच आहे, तिथे प्रश्नच नाही.

नव्या कायद्यांचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने कायदे जाऊन चार कामगार संहिता लागू झाल्या. 'नियम येऊ देत' हा सल्ला मला पटत नाही. संहितेशी विसंगत नाहीत तिथवर जुने नियम चालू राहतात, आणि संहितेतली वेतनाची व्याख्या काही नियमांची वाट बघत थांबलेली नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणंही आता आवश्यक आहे.

व्याख्येचा परिणाम तुमच्या ऑपरेटरवरच बघू. समजा पगार ३२,००० आहे : बेसिक १२,०००, घरभाडे आणि प्रवासभत्ता मिळून २०,०००. हे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले की वरची रक्कम वेतनात धरायची. निम्मे १६,०००, म्हणून ४,००० वेतनात आले आणि वेतन १६,००० झालं. अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी, म्हणजे वेतनाला २६ने भागून येणाऱ्या रोजाने दर वर्षाचे १५ दिवस, सुमारे १,०१,५०० होते. नुसत्या बेसिकवर ती ७६,००० च्या आसपास आली असती. त्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. या दोन मुदतींची लोक हमखास गल्लत करतात. पीएफ आधीपासूनच १५,००० च्या मर्यादेवर भरला जात असेल, तर या व्याख्येमुळे हातातला पगार कमी होत नाही, हे श्रम मंत्रालयाने स्पष्ट केलं आहे. व्हॉट्सअॅपवर फिरतंय त्याने घाबरू नका.

राहिले कोल्हापूरचे कन्सल्टंट. संहिता महाराष्ट्र-कर्नाटक दोन्हीकडे एकच, पण दर, तारखा आणि सुट्ट्या राज्याच्या. तुमची पगारपत्रकं काढून व्यवसाय कराचा रकाना बघा. महाराष्ट्रात दहा हजारांवरच्या पुरुष कामगाराचे महिन्याला २०० कापतात. कर्नाटकात १ एप्रिल २०२३ पासून २५,००० च्या खाली काहीच कापायचं नाही. सोळा हजारवाल्याचे २०० जात असतील तर ती बेकायदा कपात आहे, परत करा. तो रोज महाराष्ट्रातल्या चंदगडहून येत असला तरी फरक पडत नाही. राहतो कुठे याने नाही, काम कुठे करतो याने ठरतं. किमान वेतनातला महागाई भत्ता महाराष्ट्रात जानेवारी-जुलैला बदलतो, इकडे १ एप्रिलला. आणि १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सव. त्या दिवशी कोण काय पाळतो हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण कर्नाटकाच्या १९६३च्या सुट्ट्यांच्या कायद्याने ती पगारी सुट्टी आहे. कामावर बोलावलंत तर दुप्पट पगार, नाहीतर पगार आणि बदली सुट्टी.

कन्सल्टंट लगेच बदला असं मी म्हणत नाही. या एप्रिलची कर्नाटकाची किमान वेतनाची अधिसूचना त्यांच्याकडून मागा. दोन दिवसांत हातात आली नाही, तर बेळगावातच दुसरा माणूस बघा.