झुल्यावरचा रंगारी पडला, तर सोसायटी सुटते का?

प्रश्न : ठाण्यातल्या आमच्या सात मजली सोसायटीचं बाहेरून रंगकाम सुरू आहे. ठेकेदाराचे नऊ रंगारी पश्चिम बंगालमधल्या माल्द्याचे. झुल्यावर, म्हणजे गच्चीवरून दोराने सोडलेल्या फळीवर, बसून काम करतात, अंगाला काहीही बांधलेलं नसतं. ठेकेदार म्हणतो, ‘पट्टे दिलेत, पोरं लावत नाहीत.’ करारात ‘अपघाताची सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ असं कलम आहे. एवढं पुरेसं आहे का? – सचिव

उत्तर : नाही. झुले आत्ता भिंतीवर असतील तर आधी काम थांबवा, मग पुढचं वाचा.

ते कलम तुमच्या आणि ठेकेदाराच्या मधलं आहे. रंगाऱ्याला किंवा त्याच्या बायकोला ते बांधत नाही. तुम्हाला पैसे भरावे लागले तर ठेकेदाराकडून वसूल करता येतील, एवढाच त्याचा उपयोग. तोही त्याच्याकडे पैसे असतील तर.

भरपाई देणारा पहिला माणूस ठेकेदारच. ‘दहापेक्षा कमी माणसं, कायदा लागू नाही,’ असं तो सांगेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत बांधकाम आणि परराज्यातले कामगार यांसाठी दहाचा आकडा आहे, हे खरं. पण अपघात भरपाईला माणसांच्या संख्येची अट नाही. १९२३ चा भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे, आणि एकाहून अधिक मजल्यांच्या इमारतीची देखभाल-दुरुस्ती करणारा कामगार त्यात येतो. ३० वर्षांचा रंगारी दगावला आणि वेतन महिना १५,००० धरलं, तर निम्मं वेतन गुणिले २०७.९८ (वयानुसार कायद्यात ठरलेला गुणक) म्हणजे १५,५९,८५० रुपये. त्याचे वारस राहत्या जिल्ह्यातच दावा लावू शकतात. नोटीस माल्द्याहून ठाण्यात येते.

‘पोरं लावत नाहीत’ हा बचाव मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास चालत नाही. छोट्या दुखापतीतही साधन खरोखर दिलं होतं, वापरायचा स्पष्ट हुकूम होता आणि कामगाराने तो जाणूनबुजून मोडला, हे दाखवावं लागतं.

सोसायटीचं काय? रंगकाम हा सोसायटीचा व्यवसाय नाही, म्हणून ‘मुख्य मालक’ (ठेकेदाराकडून काम करून घेणारा) या नात्याने भरपाई आमच्यावर नको, असा मुद्दा मांडता येईल. त्यावर विसंबू नका. निष्काळजीपणाचा दिवाणी दावा वेगळा, आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. धोका समितीला दिसत होता, हे तुमच्या प्रश्नातच आहे.

आता गच्चीवर जा. कमरेचा पट्टा नको. पडताना तो पोटाला आणि मणक्याला इजा करतो. प्रत्येकाला आयएस ३५२१ या भारतीय मानकाचं पूर्ण अंगाचं हार्नेस हवं आणि हनुवटीखाली पट्टी असलेलं हेल्मेट. सगळ्यात मोठी चूक म्हणजे हार्नेसचा हूक झुल्यालाच अडकवणं. झुल्याचा दोर तुटला की हार्नेससकट माणूस खाली येतो. लाइफलाइन, म्हणजे माणसाला धरणारा सुरक्षा दोर, वेगळी, तिची गाठ वेगळ्या जागी, आणि तिच्यावर सरकणारा, पडताना दोराला घट्ट पकडणारा रोप-ग्रॅब. गाठ आरसीसीच्या कॉलमला किंवा बीमला. टाकीच्या पाइपला, डिशच्या खांबाला किंवा कठड्याच्या ग्रिलला कधीच नाही. कठड्याच्या कडेवर दोर घासतो तिथे जाड रबर किंवा गोणपाट घाला. जुना रंग खरवडताना मास्क आणि चष्मा. सूचना रंगाऱ्यांना कळेल अशा भाषेत, बंगालीत किंवा हिंदीत सांगायला लावा.

ठेकेदाराला आजच लेखी कळवा : हे सगळं होईपर्यंत झुला वर जाणार नाही, आणि पुढचं बिल त्यानंतरच. सोबत तारखेसह फोटो ठेवा. साधनांसाठी तो रेट वाढवून मागेल. थोडा वाढवून द्या, पण रंगाऱ्यांच्या मजुरीतून एक रुपयाही कापू देऊ नका.

त्याची कामगार भरपाई विमा पॉलिसीही मागा आणि तीन गोष्टी स्वतः वाचा : कामगारांची संख्या, उंचीवरचं काम विम्यातून वगळलंय का, मुदत. पॉलिसी चार जणांची आणि भिंतीवर नऊ, हे वरचेवर आढळतं.