चार खाड्या, पाच दिवस

प्रश्न : काका, आम्ही नवरा-बायको पन्नाशीतले. डिसेंबरात कोकण किनाऱ्याने रेवस ते रेडी किल्ले बघत सायकलने जायचं म्हणतोय. जमेल तिथे वाळूवरून चालायचंही आहे. रजा पाचच दिवस. जमेल का? आणि ओल्या वाळूवर सायकल चालवली तर? – एक वाचक, देवरूख

उत्तर : ताई, नाही जमणार. रस्ता पाचशे किलोमीटरच्या वर आहे, पण खरी गोम अंतरात नाही. दापोली तालुक्यात बावीस वर्षं मी सायकलवरून डाक वाटली. आपल्याकडे उतरलं की खाडी आणि चढलं की सडा, म्हणजे कातळाचा माळ. नकाशात दोन गावं शेजारी दिसतात, पण मधे खाडी असली की फेरीबोटीची वाट बघत अर्धा तास जेट्टीवर जातो. नाइलाजाने रोज शंभराच्या वर किलोमीटर मारलेत, तर किल्ले लांबूनच बघाल.

त्यापेक्षा मुरूड ते जयगड करा. राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायला मिळतात. पहिल्या दिवशी राजपुरीहून होडीने जंजिरा बघून घ्या, मग आगरदांडा-दिघी करून दिवेआगर. दुसरा दिवस श्रीवर्धन-हरिहरेश्वर, हलकाच. तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून सावित्री ओलांडली की बाणकोट. इंग्रजांनी या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं, गावात मात्र कुणी तसं म्हणत नाही. वर जाऊन खाडीचं तोंड बघा, म्हणजे किल्ला इथेच का, ते कुणाला विचारावं लागणार नाही. वेळास, केळशी करत आंजर्ल्याला मुक्काम.

चौथ्या दिवशी हर्णै. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो आंग्र्यांकडून घेतला, तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. आंग्र्यांचं आरमार आपल्याच माणसांनी बुडवायला मदत केली, हे मला अजून पचत नाही. असो. तिथून दाभोळ. पाचव्या दिवशी पलीकडे धोपावे. ही बोट चुकली तर चिपळूणचा वळसा, म्हणून सकाळी लवकर जेट्टीवर या. मग अंजनवेलचा गोपाळगड, गुहागर, हेदवी, तवसाळ आणि जयगड. हा दिवस जड आहे. पाय बोलायला लागले तर गुहागरलाच थांबा, जयगड कुठे पळून जात नाही.

चालण्याचं म्हणाल, तर ओहोटी बघूनच वाळूवर उतरा. घरात कालनिर्णय असेलच. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमारास सुकती (ओहोटी), तेव्हा वाळू घट्ट आणि ऊनही बेताचं. पुनवेला, अवसेला पाणी खूप मागे हटतं खरं, पण सुकती पहाटे नाहीतर संध्याकाळी. माझे कोळी मित्र अजून असाच हिशेब करतात, मोबाइल हातात असून.

सायकल गियरची घ्या, पुढचं सगळ्यात लहान चक्र चालू आहे ना ते आधी बघा. माझी बिनगियरची होती, पण मी तरुण होतो आणि पगार मिळत होता.

आणि ओल्या वाळूवर सायकल? एकदा कर्द्याच्या किनाऱ्यावर मी हौसेने चालवली. रात्री कंटाळा केला, धुतली नाही. सकाळी बुरोंडीच्या चढाला पायडल गरागरा फिरतंय आणि चाक जागच्या जागी. फ्रीव्हीलमध्ये खारं पाणी नि वाळू जाऊन आतल्या कुत्र्या, म्हणजे दात्यांत अडकून चाक फिरवणारे खटके, चिकटल्या होत्या. तेव्हा चालवायचीच असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून शिलाईमशीनचं तेल सोडा. मी त्या दिवशी दाभोळपर्यंत सगळे चढ सायकल ढकलत नेली. उतारावर तेवढा बसलो.