चढांचा गुणाकार −१, तरी काटकोन का नाही?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. य = २क्ष आणि य = −क्ष/२ या रेषांच्या चढांचा (चढ म्हणजे रेषेवरील उभे अंतर भागिले आडवे अंतर) गुणाकार −१ येतो, म्हणजे त्या परस्परांना लंब असायला हव्यात. तिने आलेख कागदावर क्ष अक्षावर १ सेमी = १ एकक आणि य अक्षावर १ सेमी = २ एकके असे प्रमाण घेऊन त्या काढल्या, तर कोनमापकाने कोन ५९ अंश भरला. चूक नियमात आहे की आकृतीत?
— एक पालक

उत्तर : चूक कशातच नाही. मात्र, कागदावर काटकोन दिसण्यासाठी दोन्ही अक्षांवरील एककांची लांबी सारखी हवी, ही अट बहुधा गृहीत धरली जाते आणि सांगायची राहून जाते. आपल्या मुलीच्या आकृतीत पहिली रेषा १ सेमी उजवीकडे जाताना २ एकके, म्हणजे कागदावर १ सेमीच वर चढते. तिचा क्ष अक्षाशी कोन ४५ अंश होतो. दुसरी रेषा २ सेमी उजवीकडे जाताना अर्धा सेमी खाली उतरते, म्हणजे सुमारे १४ अंश. दोहोंची बेरीज ५९. मुलीने आकृती फार नेटकी काढली आहे!

आता नियमाकडे पाहू. प्रमाण सारखे असताना आरंभबिंदूपासून (१, २) पर्यंतचा रेषाखंड घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंशांतून फिरवला, तर आडवे १ एकक उभे होते, उभी २ एकके डावीकडे आडवी होतात आणि टोक (−२, १) वर येते. आडव्या-उभ्या अंतरांची अदलाबदल होऊन एकाचे चिन्ह बदलते; म्हणून २ आणि −१/२ यांचा गुणाकार −१ येतो. ही अदलाबदल चौरस चौकटींतच शक्य आहे, आणि मुलीच्या कागदावर एका एककाची चौकट १ सेमी रुंद व अर्धा सेमी उंच आहे.

गंमत अशी, की खुद्द अक्षांना हा नियम लावता येत नाही, कारण य अक्षाचा चढ काढताना शून्याने भागावे लागते. तिथे प्रत्येक रेषेवरचा आरंभबिंदूखेरीज एकेक बिंदू घेऊन त्यांच्या क्ष निर्देशकांचा (कंसातील पहिल्या संख्यांचा) गुणाकार अधिक य निर्देशकांचा (दुसऱ्या संख्यांचा) गुणाकार शून्य येतो का, ते पाहावे : (१, ०) व (०, १) साठी ० + ०, आणि वरच्या जोडीसाठी −२ + २.

भौतिकशास्त्रातील काळ-अंतराच्या आलेखात तर एका अक्षावर सेकंद आणि दुसऱ्यावर मीटर असतात. तिथे चढ म्हणजे वेग, पण दोन रेषांमधला कोन प्रमाणागणिक बदलत असल्याने तो मोजण्यात अर्थ नाही.